मनोहरभाऊंचा उलटा डबा

मनोहरभाऊ गावंड्यांकडे गाणं ऐकायला गेलं की ते दारातच आलेल्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेत. ते स्टीलच्या ताटलीत ठेवत, ताटली आतल्या खोलीत नेऊन तिच्यावर उशी झाकत, आणि हात झटकत बाहेर येऊन म्हणत, "हां, आता बसा. टिकटिक मधात येते ना."

मोबाइल तेव्हा नुकते लोकांच्या खिशात आले होते. तेही त्याच ताटलीत जात. माझी बायको रेखा पहिल्यांदा माझ्याबरोबर आली, तेव्हा भाऊंनी तिच्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. मग फार अवघडून म्हणाले, "वहिनी, राग नका मानू, पण थ्या बांगड्या..."

"काऊन? काय झालं बांगड्याले?"

"वाजतेत."

रेखा हिंगणघाटची. ती उठून उभीच राहिली. "गाण्यासाठी बांगड्या उतरवाले सांगून राह्यले का मले, भाऊजी?"

भाऊ असे घाबरले की आत पळाले. थोड्या वेळाने एक जाड शाल घेऊन आले. मे महिन्यातली दुपार, कूलर बंद, पंखा बंद, आणि माझी बायको दोन्ही हात शालीत गुंडाळून अख्खं गाणं ऐकत बसली. घरी आल्यावर तिने पदराने मान पुसत निकाल दिला, "तुमचा मित्र येडा आहे. पण चहा चांगला करते."

आता ही गाणी भाऊ ऐकवायचे कशावर, ते सांगायला हवं. ते ऐकवत व्हिडिओ गेमच्या डब्यावर. मुलं टीव्हीला जोडून मोटारी पळवतात आणि एकमेकांना बुक्क्या मारतात, तोच तो करड्या रंगाचा, वर झाकण असलेला डबा.

आम्ही वर्ध्याला बोरगाव मेघेत भाऊंच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. त्याआधी बाजारात त्यांचं जनरल स्टोअर्स होतं. मग त्यांच्या आईला लकवा मारला. भाऊंनी लग्न केलेलं नव्हतं, एकुलती बहीण नागपुरात दिलेली. आईला सोडून दिवसभर बाजारात बसणं जमेना, म्हणून त्यांनी दुकान मोडलं आणि घरातच चार टीव्ही मांडून पार्लर काढलं. शाळा सुटली की गल्लीतले पोट्टे सायकली आडव्या टाकून आत घुसत. "मार ना बे! अबे मार!" हा गजर अंधार पडेपर्यंत चाले. आतल्या खाटेवरून म्हातारी ओरडून विचारी, "मन्या, कोन जितलं रे?" भाऊ तोंडाला येईल ते नाव सांगत. म्हातारी म्हणे, "बरं झालं. कालपासून हारून राह्यलता बिचारा."

म्हातारी गेली, आणि साधारण त्याच सुमारास पोरंही पांगली. कुणाच्या घरी कॉम्प्युटर आला, कुणी सायबर कॅफेत जायला लागलं, कुणी शिकायला पुण्याला गेलं. पार्लरचं शटर अर्धं उघडं राहू लागलं, मग बंदच झालं. भाऊंनी एक ठेवून बाकीचे टीव्ही विकले, डबे विकले. एक डबा मात्र कुणी घेईना, कारण त्यात गेम चालत नव्हता, चित्र अर्ध्यात अडकायचं. तो कपाटावर पडून राहिला.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी भाऊ आमच्या दारात उभे. गालाला साबण, अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच.

"सुरेशभाऊ, चला. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"डबा गाते."

साफसफाई करताना त्यांनी सहज म्हणून त्यात जुन्या गाण्यांची सीडी टाकली होती. आधी डबा उचक्या देत होता, म्हणून रागाने त्यांनी तो उलटा आपटला, तर उलटा पडल्या पडल्या तो सुरळीत गायला लागला. तेव्हापासून डबा उलटाच. सरळ ठेवला की गाणं अडखळे, उलटा ठेवला की लोण्यासारखं चाले. यामागचं कारण भाऊंनी कधी शोधलं नाही. "म्हाताऱ्या मानसाले जशी झोप येते तशी येऊ द्याव," एवढंच म्हणत.

त्या डब्याभोवती हळूहळू एक संस्थान उभं राहिलं. डब्याखाली रबरी स्लीपरचे कापलेले तुकडे, म्हणजे जमिनीचा हादरा बसू नये. डब्यावर लाल फडक्यात गुंडाळलेली वीट, म्हणजे तो जागचा हलू नये. एकदा दूध घालणारी बाई पुढच्या खोलीत डोकावली आणि त्या विटेला मनोभावे हात जोडून गेली. मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा अॅम्प्लिफायर भाऊंनी मिळवला. स्पीकर सिमेंटच्या पाइपांत बसवले. ते दोन पाइप खोलीच्या कोपऱ्यांत असे उभे असत, की नवा माणूस विचारी, "भाऊ, संडासचं काम काढलं का?"

गाणं लावण्याची रीतही साधी नव्हती. आधी टीव्ही लावायचा, कारण गाण्यांचे आकडे त्यावर दिसत. मग गेमचा रिमोट दोन्ही हातांत धरून त्रिकोण, गोल, फुली अशी बटणं दाबायची. पन्नाशी ओलांडलेला, धोतराच्या वयाकडे निघालेला माणूस जीभ दातांत धरून ती बटणं दाबताना पाहिला की हसू आवरत नसे. गाणं सापडलं की टीव्ही बंद. "टीव्ही कुरकुर करते." मग अॅम्प्लिफायर तापायची वाट पाहायची. आपण काही बोलायला तोंड उघडलं की भाऊ हात वर करत. "दम धरा. गरम होऊन राह्यला." वर्ध्याच्या मे महिन्यात मुद्दाम गरम करावी लागणारी ती एवढी एकच वस्तू असेल.

एवढं करून गाणं वाजे, आणि खरं सांगतो, छान वाजे. मला सुरातलं काही कळत नाही, पण गाणारी बाई समोरच्या स्टुलावर येऊन बसलीय असं वाटे. भाऊ डोळे मिटून, एक पाय पाइपाला टेकवून बसत आणि मांडीवर ताल धरत.

गाणं संपलं की परीक्षा सुरू.

"मंजिरी ऐकली? थे बारीक टाळ? दुसऱ्या अंतऱ्यात, मागून. एकदाच वाजते."

नाही म्हटलं की सगळं गाणं पुन्हा. म्हणून सगळेच हो म्हणत. मग पुढचा प्रश्न येई, "डावीकडून आली का उजवीकडून?" इथे माणसं फसत. एकाच बैठकीत बसलेल्या दोघांनी दोन बाजू सांगितल्या की भाऊंचा चेहरा पडे, आणि गाणं पुन्हा सुरू होई. आमच्या कॉलनीतले एक निवृत्त ओव्हरसियर या मंजिरीला इतके भ्याले होते की पानठेल्यावर जायला त्यांनी मागची गल्ली धरली. तिथे गटार उघडं होतं, तरी.

भाऊ स्वतः मात्र कुणाचं ऐकून घेत नसत. प्रश्न तेच विचारत, उत्तर यायच्या आत पुढचं बोलणं तेच सुरू करत. "काय म्हनता, पाऊस आला का आर्वीकडे? येईन ना, येईन. तर मी काय सांगून राह्यलो होतो..." आणि गाडी डब्यावर. बोलत मोठ्याने, तोंडासमोर तोंड आणून. लोक म्हणत, डब्यानं माणूस शेफारला.

एकदा ते डबा घेऊन नागपूरला गेले. बहीण नलूच्या नवऱ्याने मोठी म्युझिक सिस्टिम घेतली होती, निळ्या दिव्यांची, माणसाच्या छातीएवढी उंच. तिच्यापेक्षा आपला डबा सरस आहे हे भाऊंना सिद्ध करायचं होतं. टॉवेलात गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "काय आहे आत? कोंबडं?"

"मशीन आहे."

"मग सरळ धरा ना."

"उलटंच असते थे," भाऊ म्हणाले. कंडक्टर पुढच्या सीटवर सरकला.

नागपुरात काचेच्या कपाटावर डबा उलटा ठेवला गेला, स्लीपरचे तुकडे लागले, घड्याळं काढली गेली. आधी सिस्टिमवर गाणं झालं, मग डब्यावर. जावई भला माणूस. तो म्हणाला, "दोन्ही चांगले आहेत, दादा." यापेक्षा त्याने डबा खिडकीतून फेकला असता तर बरं झालं असतं. भाऊ संध्याकाळच्या गाडीने परत आले ते थेट माझ्याकडे.

"दोन्ही चांगले म्हंजे काय बाप्पा? ऐकलंच नाई त्यानं!"

"राहायचं होतं ना दोन दिवस. नलूताईनं सोडलं कसं?"

"राहा म्हने ती. मी कायले राहू? सारे आपापल्या खोलीत टीव्ही पाहून राह्यले तिथं." मग जरा थांबून म्हणाले, "एकटं बसाचंच असन तर आपलं घर काय वाईट आहे?"

मी तोंड उघडलं. तोवर ते पुढचं सांगायला लागले होते.

हे असं दोन-तीन वर्षं चाललं. घड्याळाची ताटली हळूहळू रिकामी राहू लागली. लोकांना कामं होती. टीव्हीवर मालिका होत्या. शेवटी भाऊंकडे जाणारा मीच उरलो, तोही सुटीच्या दिवशी, आणि खरं तर चहासाठी.

अशाच एका दुपारी मी गेलो होतो. लोडशेडिंगची वेळ टळून गेलीय असं समजून भाऊंनी सीडी लावली. तेच गाणं, मंजिरीचं. पंखा बंद, टीव्ही बंद. भाऊ डोळे मिटून बसले, पाय पाइपाला टेकलेला. पहिला अंतरा झाला. आणि लाइट गेली.

गाणं मधल्याच एका शब्दावर तुटलं. बाहेरचा कुणाचा तरी कूलर घरघरत थांबला. खोलीत अगदी सामसूम झाली. "गेली ना शेवटी," असं म्हणायला मी भाऊंकडे वळलो.

भाऊ ऐकत होते. डोळे मिटलेले, मान हलते आहे, बोटं मांडीवर ताल धरताहेत. एका ठिकाणी त्यांनी हलकेच मान वर उचलली, मंजिरीची जागा असावी ती. चेहऱ्यावर समाधान आलं. बोटं पुढे चालू राहिली. गाणं जिथे संपायला हवं तिथे त्यांनी हात थांबवला, डोळे उघडले, आणि माझ्याकडे झुकून विचारलं,

"ऐकली मंजिरी?"

"ऐकली," मी म्हणालो.

"डावीकडून?"

"डावीकडून."

ते हसले आणि चहा ठेवायला आत गेले. मी ताटलीतलं घड्याळ न घेताच घरी आलो.

रेखाला सांगितलं तेव्हा ती हातातलं काम सोडून खाली बसली. "तरीच," ती म्हणाली. "त्या दिवशी भिंतीवरून आवाज देऊन राह्यली होती मी, त्याइच्या गॅसवर दूध उतू जाऊन राह्यलं होतं. पाठमोरे उभे होते. मले वाटलं, काय घमंडी मानूस आहे."

दुसऱ्या दिवशी माझं घड्याळ आणायचं निमित्त करून ती माझ्याबरोबर निघाली. भाऊ पाठमोरे बसून स्पीकरची धूळ पुसत होते. रेखा दबक्या पावलांनी त्यांच्या मागे गेली आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या त्यांच्या कानाशी खळखळून वाजवल्या. भाऊ पुसत राहिले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग वळसा घालून त्यांच्यासमोर बसली, आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणाली, "भाऊजी, तुमाले ऐकू येत नाई."

"दम धरा वहिनी, आत्ता लावतो गाणं, गरम..."

"तुमाले ऐकू येत नाई."

भाऊंनी हातातलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. पुन्हा उलगडलं. पुन्हा घडी केली.

"थोडं येते," ते म्हणाले. "तोंडाकडे पाह्यलं का समजते."

"कधीपासून?"

"तेच तर मले मालूम नाई." ते पुढे सांगू लागले, पण नेहमीसारखे भराभर नाही. "माय होती तवा येत होतं सारं. पोट्ट्याइचा गोंधळ होता. मग माय गेली, पोट्टे गेले, घर चुप झालं. मले वाटलं, चुप आहे म्हनून चुप वाटते. बोलाले कोनी असतं घरात, तर लवकर समजलं असतं."

रेखाने पदर तोंडाशी नेला. मी डब्याकडे बोट केलं.

"आन मग हा डबा?" मी विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, म्हणून पुन्हा विचारलं.

"पहिलं साल भल्लं मस्त गेलं. सारं ऐकू येत होतं. मग एक दिवस मंजिरी नाई आली. मले वाटलं डबा बिघडला. स्लीपर बदलवली, वायरी बदलवल्या. मग बासरी गेली. म्हनून तर लोकाले विचारत होतो, मंजिरी येते का म्हनून. डबा खराब झाला का मी खराब झालो, एवढंच पाह्याचं होतं मले. तर कोनी डावीकडून म्हने, कोनी उजवीकडून." ते हसायला गेले. "नागपूरलेबी त्याच्यासाठीच गेलतो. जावई म्हने दोन्ही चांगले."

"एवढे दिवस सांगितलं काऊन नाई?" रेखा आता रागावली होती, आणि तिला राग कशाचा आला होता ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

"काय सांगू? या, माह्याजवळ बसा, म्हनून बलावलं तर कोन येते वहिनी? गानं ऐकाले या म्हटलं तर येतेत दोघं-चौघं. आता बहिऱ्याकडे गानं ऐकाले कोन येईन?"

पुढच्या सोमवारी मी रजा काढली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तपासणीच्या बंद खोलीत त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाले, "हाबी गेमच आहे एक. हारलो पन." डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस कमजोर झालीय, गेलेलं परत येणार नाही, पण मशीनने बोलणं समजेल. नलूताई नागपूरहून धावत आली, रडली, भावाला खूप बोलली. ते तिच्या तोंडाकडे बघून मान डोलवत राहिले. चला माझ्याकडे राहायला, असंही ती म्हणाली. भाऊ गेले नाहीत.

कानाचं मशीन आलं त्या दिवशी त्यांनी आधी डबा लावला. मीही होतो. पहिल्याच ओळीला त्यांनी तोंड वाकडं केलं. "बापरे! टिनाच्या पेटीत बसून गाऊन राह्यली का ही?" मशीन काढलं, पाय पाइपाला टेकवला, डोळे मिटले आणि राहिलेलं गाणं आपलं आपण ऐकलं. नंतरही गाण्यासाठी त्यांनी ते मशीन कधी घातलं नाही. डबा लागला की मशीन खिशात.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. भाऊ ओट्यावर खुर्च्या मांडून बसले होते. मशीन कानात होतं, हात गुडघ्यांवर. शर्टाला इस्त्री होती.

"बोला," ते म्हणाले.

"काय बोलू?" रेखा गोंधळली. एरवी तिला बोल म्हणावं लागत नाही.

"काईबी बोला. मले पाह्याचं आहे."

रेखाने माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवर हात ठेवून तिने सुरुवात केली, ती सकाळच्या भाजीपासून. वांगी घेतली ती आतून कशी किडकी निघाली, भाजीवालीला सांगितलं तर ती कशी म्हणाली की बाई, वांगं चांगलं असल्याशिवाय किडा आत जात नाही. मग शेजारच्या गल्लीतल्या बारशाचं. मग तिच्या माहेरच्या म्हशीचं, जी फक्त तिच्या वडिलांनाच दूध काढू देते आणि ते गावाला गेले की घरात चहा बंद होतो. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. भाऊ ऐकत होते. मध्ये बोलले नाहीत, हात वर केला नाही. रेखाच्या तोंडाकडे न पाहता समोर रस्त्याकडे पाहत होते, आणि तरी म्हशीच्या गोष्टीत जिथे हसायला हवं तिथे बरोबर हसले.

दिवे लागले. घरी कुकर लावायचा होता. मी उठलो, रेखाही पदर सावरून उठली.

भाऊंनी खुर्चीतूनच वर पाहिलं.

"चाललेच का?"

रेखाने पदर कमरेला खोचला. मग मला म्हणाली, "तुमी जा, कुकर लावा. तांदूळ धुऊन ठेवले आहेत." आणि खुर्ची जरा पुढे ओढून परत खाली बसली. मी फाटकापर्यंत पोचलो तोवर तिने पुढचं सुरूही केलं होतं.

"तर काय झालं भाऊजी, माह्या मावशीची पोरगी आहे ना एक, पुलगावले दिली थे..."